निळं ग्रीस

हे लिहिणारच नव्हतो. फोनवर चार ओळी टाइप करायचो, पुसायचो. पण ज्या दोघांचं आहे ते दोघंही व्हॉइस मेसेजवाले. मराठीत लांबलचक काही दिसलं की अंगठ्याने वर सरकवतात. तेवढ्या भरवशावर लिहितो.

इथे आखातातल्या आमच्या गॅरेजात तौकीर वाळूवर पळवायच्या बग्गीखाली पाठीवर झोपला होता आणि क्लच काढायच्या बोल्टाला नळाची पांढरी टेप गुंडाळत होता. घट्ट, एकावर एक. मला म्हणाला, सलील, क्लचच्या भोकात पाणी भर, काठोकाठ. मी प्लास्टिकच्या बाटलीने भरलं. मग त्याने बोल्ट त्या भोकात फिरवायला घेतला. पाणी दाबलं जात नाही, टेपमुळे बाहेरही येत नाही, मग ते क्लचला दांड्यावरून बाहेर ढकलतं. हे मी व्हिडिओत बघितलेलं. मी वायरिंगवाला, तेही मोबाईलवर बघून शिकलेला. पण तौकीरने त्या दिवशी दुसऱ्या कुणाला हाताखाली घेतलं नाही.

बग्गी आमच्या अरबाबची. म्हणजे गॅरेजच्या मालकाची. त्याने बर्फावर चालणाऱ्या गाडीचं इंजिन मागवलं आणि वाळूवरच्या बग्गीत बसवायला लावलं. हौस. त्या इंजिनाचा क्लच वेगळा असतो. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं, टोक निमुळतं, त्यावर क्लच नुसता दाबून बसतो. धातूने धातू धरायचा. म्हणून तिथे सगळं सुकं लागतं, तेलाचा थेंब चालत नाही. थेंब असला की बसवायचा बोल्ट आवळताना क्लच जास्तच आत सरकतो, ताणला जातो, आणि वेगात फुटतो.

हा क्लच बसवला होता आमच्यातल्या कैलासने, आणि हिवाळ्यात तो फुटलाच. झाकण काढलेलं होतं. कैलास बाजूला उकिडवा बसून क्लचवरचा पट्टा बघत होता, तौकीरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. तुकडा उडाला आणि कैलासच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तेव्हापासून तौकीर एकच बोलायचा. माझा पाय. मी जास्त दाबला. हॉस्पिटलात बोलला, अरबाबसमोर बोलला, रूमवर जेवताना मध्येच बोलायचा. कैलास काही म्हणायचा नाही. दोघं एकाच तालुक्यातले, कैलास हर्णैचा, तौकीर दापोलीच्या अलीकडचा, आणि एका ताटात जेवणारे. त्यानंतर कैलासने मुहर्रकला दुसऱ्या रूमवर बिऱ्हाड हलवलं. तिथून गॅरेज लांब, तरी हलवलं.

कैलासचा व्हिसा कॅन्सल झाला होता. त्या हाताने पाना धरवत नव्हता. आम्ही क्लच काढत होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कायमचा घरी जाणार होता. आणि अरबाबला बग्गीसाठी अमवाज वस्तीतला कुणी गिऱ्हाईक मिळाला म्हणून बग्गीवरची ताडपत्री निघाली, इंजिन पूर्ण खोलायचं ठरलं. तौकीरने ते काम मागून घेतलं. कैलास विमानात बसायच्या आधी त्याला क्लच आतून बघायचा होता, दोष तिथे होता की आपल्या पायात.

क्लचचा मागचा अर्धा भाग अजून क्रँकला चिकटून होता. तौकीरने तो टेपवाला बोल्ट आवळला. पाईप लावून आवळला. डोक्यावर हातोडीने टकटक केली, परत आवळला. काही नाही. शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाला, असाच ताणावर राहू दे, सोडेल तेव्हा सोडेल.

आम्ही दारात बसून करक चहा प्यायला लागलो. समोर धातू वितळवायच्या कारखान्याची धुराडी. तौकीर कैलासचेच किस्से सांगत होता. कैलास होडीच्या इंजिनावर वाढलेला. खाऱ्या हवेत लोखंडाला लोखंड लावलंत तर गंजून एकजीव होतं, म्हणून मध्ये ग्रीस हवंच, असं त्याचं डोकं. बाकाखाली निळ्या ग्रीसचा डबा ठेवायचा, होडीवाल्यांचं असतं ते. रूमच्या कुलपाला लावायचा, सायकलच्या घंटीला लावायचा. तौकीर म्हणायचा, हा लग्नात बायकोला अंगठीपण ग्रीस लावून घालणार. आजही ते सांगताना तो हसला. मी पण हसलो.

आत ठक्क झालं. मोठा आवाज. क्लच सुटून पत्र्यावर पडला होता.

तौकीर कप घेऊनच धावला. मी टॉर्च धरला.

निमुळत्या दांड्यावर, मागच्या जाड बाजूला, ग्रीसचं कडं होतं. तापून काळं पडलेलं, पण काठाला अजून निळं.

तौकीरने बोट लावलं. अंगठ्यावर चोळून बघितलं. त्याला आधी सायकलची घंटी आठवली असावी, कारण हसू अजून तोंडावरून पुरतं गेलं नव्हतं. मग तो खाली बसला. कप जमिनीवर ठेवला.

हळूच म्हणाला, मी त्याला सांगितलं होतं, सुकं बसव. हां म्हणाला होता. सवयीने लावलंन असेल. हात जातोच ना आपला.

मला वाटलं आता हा कैलासला फोन लावणार. इतके महिने पाय माझा, पाय माझा करत फिरला. त्याने फडकं घेतलं, त्यावर पेट्रोल ओतलं आणि दांडा पुसायला लागला. पुसत राहिला. क्लचच्या आतूनही पुसलं. मग फडक्याची गुंडाळी करून पँटच्या खिशात घातली.

"त्याची बोटं गेलीत," मला म्हणाला. "वर हे कशाला. सांगू नको त्याला."

"आणि तू?"

"मला कळलं ना. खलास."

मी म्हटलं, नाही सांगत.

कैलास दुपारनंतर आला. सगळ्यांना भेटायला. इस्त्रीचा शर्ट, उजवा हात खिशात. आत आल्यावर तो माणसांकडे नाही, आधी बग्गीकडे बघायला लागला. इंजिन उघडं, क्लच बाजूला. तो दांड्यापाशी वाकला.

"निघाला?" त्याने विचारलं.

"निघाला," तौकीर म्हणाला.

"कसा होता आतून?"

"सुका. ठणठणीत. तू बरोबर बसवला होतास." तौकीर पाने पेटीत ठेवत होता, वर बघत नव्हता. "माझाच पाय."

कैलास काहीतरी बोलायला गेला. मग डावा हात पुढे केला. तौकीरने तो दोन्ही हातांत धरला, आणि घरी फणस आहेत का अजून, की संपले, असलं काहीतरी विचारत राहिला.

कैलासला रूमवर सोडायला मी गाडी काढली. मी एसी कमीजास्त करत होतो.

अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला, "पुसलंन ना त्यानं?"

मी रस्त्याकडे बघितलं.

"इतके महिने अडकलेला दांडा असा आरशासारखा निघतो काय रे? पेट्रोलचा वास येत होता." खिशातला हात त्याने मांडीवर काढून ठेवला. "हॉस्पिटलात पहिल्याच रात्री आठवलं मला. निळं बोट मीच फिरवलंय त्यावर. सकाळी सांगणार होतो. सकाळी हाच आला रडत, माझा पाय, माझा पाय. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. म्हणून तर रूम बदलली. त्याच्यासमोर जेवण उतरत नव्हतं."

"मग आज का नाही बोललास?"

"बोलायलाच आलो होतो. शर्टाला इस्त्री केली, म्हटलं जाताना मोकळं होऊन जाऊ. तर तो सुका म्हणाला. माझ्यासाठी तोंडावर खोटं बोलला. त्याला खोटा कसा पाडू?"

त्याच्या रूमच्या वाटेवर, विमानतळाकडच्या सिग्नलला लाल लागला. वरून एक विमान उतरत होतं. चाकं निघालेली दिसत होती.

मी म्हटलं, अजून वेळ आहे. गाडी फिरवतो. तासाभरात परत सोडतो तुला.

त्याने मान हलवली.

"नको. त्यानं माफ केलंन ते चुकून ग्रीस लावणाऱ्याला. माहीत असून त्याला रडू देणाऱ्याला करेल की नाय, मला माहीत नाय." उरलेल्या बोटांनी त्याने सीटबेल्ट चाचपला. "सलील, मला आधीपासून माहीत होतं, एवढं त्याला सांगू नको."

सिग्नल सुटला. मागचा हॉर्न मारायला लागला.

"नाही सांगत," मी म्हटलं.