पाठीमागचं माणूस

दौंडच्या रेल्वे वसाहतीत नवरा-बायको दोघंही कबड्डी खेळतात असं घर एकच होतं. वसाहतीतल्या बायकांना नळावर बोलायला तेवढं पुरत असे. नवरा साहेबराव, इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या. नाव साहेबाचं आणि हात दिवसभर काजळीत. बायको ललिता, माहेर शिरूर तालुक्यातलं इनामगाव, मॅट्रिक पास. तो तिला बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी बाजूला सारून त्यानं एकच प्रश्न विचारला होता, "चढाई का पकड?" ललिता खाली मान घालून म्हणाली होती, "दोन्ही." तिथंच लग्न ठरलं, बाकीची बोलणी म्हाताऱ्यांनी आपली हौस म्हणून केली.

क्वार्टरच्या मागच्या अंगणात त्यांनी मधोमध एक रेघ आखली होती. शेडवरून आला की साहेबराव हातपाय धुऊन त्या रेघेपाशी उभा राहायचा. कधी तो चढाईला जायचा आणि ललिता पकड करायची, कधी उलट. पदर खोचून नवऱ्याच्या घोट्यावर झेप घेणारी बाई शेजारणींनी कधी बघितली नव्हती. आधी त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग सवयीनं लसूण सोलता सोलता गुण मोजायला लागल्या.

साहेबरावचं नाव होतं ते त्याच्या हुलीसाठी. तो डाव्या कोपऱ्यावर चालून जाई, पकडणारा पुढं सरसावला की गिरकी घेऊन उजव्या कोपऱ्याला लाथ मारून परत. कधी ती डावीकडची हूल असे, तर कधी तीच खरी चाल. कुठली हूल आणि कुठली खरी, हे भल्याभल्यांना कळलं नव्हतं. कळायचं ते फक्त ललिताला. "कसं कळतं गं तुला?" असं तो विचारायचा, तेव्हा ती म्हणायची, "आता ते कसं सांगू? तुम्ही हलायच्या आदी माझं अंगच हलतंय."

त्याला ते तेव्हा फार गोड वाटायचं.

सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीच्या तोंडावर दोन गोष्टी एकदमच आल्या. दिवाळीनंतर शिरूरला मोठी स्पर्धा होती आणि तिथला खेळ बघून रेल्वे विभागाच्या संघासाठी खेळाडू निवडणार होते. निवड झाली की शेडमधून सुटका, सावलीतलं काम. साहेबराव तिशीला टेकला होता, पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार? दुसरी गोष्ट म्हणजे रेल्वे बायकांचाही संघ उभा करणार होती, आणि ज्या निवडल्या जातील त्यातल्या मॅट्रिक झालेल्यांना थेट क्लार्क म्हणून घेणार होती. ललिताला चाचणीचं बोलावणं आलं होतं.

"साहेबराव," त्यांच्या संघाचा कप्तान ज्ञानू शेडमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनी क्लार्क झाल्या म्हंजी पगाराच्या दिवशी तू त्यांच्याच खिडकीपुढं रांगेत उभा ऱ्हाशील, बग."

सगळे खो खो हसले. साहेबरावही हसला, पण सगळ्यांच्या नंतर.

शिरूरचा सामना रेल्वे विरुद्ध शिरूरचा संघ असा होता. शिरूरकडून डाव्या कोपऱ्याला ललिताचा धाकटा भाऊ जालिंदर खेळत होता. सासुरवाडीच्या माणसाला त्याच्याच तालुक्यात चितपट करायची संधी म्हणून साहेबराव खुशीत होता. ललिता रेल्वेच्या बाजूला, मैदानाच्या शेवटच्या रेघेमागं नवऱ्याचा सदरा नि घड्याळ मांडीवर घेऊन बसली होती. मध्यंतराला संघांनी बाजू बदलल्या, तशी तीही उठून आपल्या संघामागं जाऊन बसली. साहेबरावला ते दिसलं आणि बरं वाटलं. आपलं माणूस पाठीशी आहे म्हणून त्याची छाती वीतभर फुगली.

आणि त्या दिवशी त्याची हूल कुणीच खाल्ली नाही. तो डावीकडं खोटा गेला तर जालिंदर जागचा हलत नव्हता. डावीकडं खरा गेला तर जालिंदर आधीच जमिनीवर आडवा होऊन त्याच्या घोट्याची वाट बघत होता. उजव्या कोपऱ्यातल्या गड्याला तो नुसती मान हलवून खुणावत होता. साहेबराव एकदा पकडला गेला, दोनदा गेला, मग तर लोक त्याची चढाई आली की आधीच टाळ्या वाजवायला लागले. एक गोष्ट त्याच्या डोक्यात तेव्हाच रुतली. जालिंदर त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत होता. चोर असाच बघतो, असं साहेबरावला वाटलं.

सामना गेला. निवडायला आलेले साहेब शेवटची शिट्टी व्हायच्या आतच उठून गेले होते.

गुलालानं माखलेला जालिंदर गळ्यात पडायला आला. "दाजी, राग धरू नगा. तुमची समदी गुपितं आमच्या आक्कापाशी! तिच्यामुळंच तरलो आज."

साहेबरावनं ललिताकडं बघितलं. तिनं मान खाली घातली आणि सदऱ्याची घडी उगाच पुन्हा घातली.

दौंडच्या एसटीत ती खिडकीशी बसली. न्हावरा आलं तेव्हा तिनं पिशवीतून माहेरचा पेरू काढून पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. अर्ध्या वाटेवर त्याला दिवाळी आठवली. भाऊबीजेला ही इनामगावला गेली होती, आणि आपण घ्यायला गेलो तेव्हा बहीण-भाऊ ओसरीवर डोकं जवळ घेऊन कुजबुजत होते. आपल्याला बघताच दोघं गप्प झाले होते. आणि आपण खुळे, चहा पीत बसलो!

ज्ञानूनं दुसऱ्या दिवशी त्यात तेल ओतलं. "घरातलं कुणी फुटल्याबिगर असं व्हत न्हाई गड्या. मी बोलत न्हाई, पर समद्यास्नी दिसतंय."

त्या संध्याकाळी ललिता भाकरी थापत होती.

"जालिंदरला काय काय सांगितलंस?" साहेबरावनं विचारलं.

"कशाचं?"

"माझ्या हुलीचं."

तिचा हात पिठावर थांबला. "मी कशाला सांगू?"

"मग त्याला कळलं कसं? तुझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई."

"मला काय ठावं त्याला कसं कळलं! त्यालाच इचारा की."

"मेव्हण्यापुढं जाऊन तोंड वेंगाडू? दिवाळीत काय कुजबुजत हुता दोघं?"

ललितानं आधी तव्यावरची भाकरी उलटली, आणि तेवढ्या उशिरानंच घात केला. मग ती म्हणाली, "माझ्या चाचणीचं बोलत हुतो. त्यात निवडले तर माझा पगार तुमच्यापरास जास्त हुईल, तुमास्नी कसं वाटंल, हे इचारत हुते त्याला. तुमच्यापुढं कसं बोलू?"

यातला शब्द न् शब्द खरा होता. पण संशयाचं पोट असल्या साध्या खऱ्यानं भरत नाही, त्याला मसालेदार लागतं. साहेबरावला त्या वाक्यातलं एवढंच ऐकू आलं, की बाई आपल्यापेक्षा जास्त पगाराची स्वप्नं बघते आहे.

"म्हंजी मी खाली ऱ्हायलो की तुला वर चढायला सोपं," तो म्हणाला.

"हे तुम्ही बोलताय?" तिनं विचारलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. "बाबासाहेबांची आन घेऊन सांगते. मी न्हाई सांगितलं."

तो उठून अंगणात गेला, पायानं रेघ पुसली आणि घरात जाळायला आणलेल्या कोळशाचा ढीग त्या जागेवर ओतला. शेजारणींनी लसणाची सुपं उचलली आणि आपापल्या घरात गेल्या.

त्यानंतर तो तिच्यावर पाळत ठेवायला लागला. ती दुपारची कुठं जाते? पायांना धूळ कसली? एकदा शेडमधून अर्धी रजा टाकून तो तिच्या मागं गेला, तर रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर ती आणि जालिंदर. ती चढाई करत होती, भाऊ पकडत होता. त्यानं घरात खेळणं बंद केलं म्हणून बिचारीनं भावाला इनामगावहून बोलावलं, एवढं कळायला फार अक्कल लागत नाही. पण कडुलिंबाआड उभ्या राहिलेल्या साहेबरावला दिसलं ते वेगळंच. दोघं मिळून हसताहेत, आणि आपल्यालाच हसताहेत. तो तसाच मागं फिरला.

चाचणी त्याच मैदानावर होती. "येताय न्हवं?" ललितानं चार शब्दांत न विचारता दोन शब्दांत विचारलं. तो हो म्हणाला. खरं सांगायचं तर तिनं हरावं म्हणून तो गेला. हे त्यानं स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं, पण निघताना त्याची पावलं हलकी पडत होती. आपण पडलो तशी तीही पडू दे, मग दोघं सारखे, मग बघू, असा काहीतरी त्याचा हिशेब होता. मैदानाशी ललितानं चपला काढून त्याच्या हातात दिल्या. दुसऱ्या कुणाकडं देणार? त्या हातात धरून तो तिच्या संघामागं शेवटच्या रेघेशी बसला.

समोरच्या संघात उजव्या कोपऱ्याला पुण्याकडची एक उंच पोरगी होती. ललिता पहिल्या चढाईला गेली आणि गुण घेऊन आली. दुसऱ्या चढाईला ती मधे घुसली, खांदा डावीकडं टाकला आणि उजवीकडं वळली, पण उंच पोरीनं तिची मांडीच धरली. साहेबरावच्या मनाला गार वाटलं. बरं झालं.

तिसऱ्या वेळीही तेच. ललिता हूल द्यायला गेली आणि ती पोरगी जागची हलली नाही. खरी वळली तर पोरगी आधीच आडवी. लोक हळहळले. आता मात्र साहेबरावला बरं वाटेना. हे आपण कुठंतरी बघितलंय, असं त्याला वाटलं. ती पोरगी ललिताच्या डोळ्यांत बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत होती. चोरासारखी. कुणाकडं बघते म्हणून साहेबराव मागं वळला. मागं नुसती भिंत होती. ती पोरगी त्याच्याकडंच बघत होती.

त्यानं खाली बघितलं. त्याच्या डाव्या हातातल्या चपला मांडीवर होत्या. उजवा हात मात्र पुढं गेलेला, बोटं घोटा धरल्यासारखी वळलेली. उजवा गुडघा जमिनीवर टेकलेला. ललिता जिकडं खरी वळली होती, तिकडंच त्याचं अख्खं अंग झुकलेलं होतं. अंगणात इतकी वर्षं त्यानं तिला पकडलं होतं. आता तो बसल्याजागी तिला पकडत होता, आणि ती पोरगी त्याच्यावरून वाचत होती.

शिरूरचं मैदान त्याच्या डोळ्यांपुढं आलं. पाठीमागं बसलेली ललिता, मांडीवर सदरा नि घड्याळ. बाजू बदलली तशी उठून पुन्हा पाठीमागं आलेली. आणि जालिंदरची खांद्यावरून पलीकडं गेलेली नजर. तिच्यामुळंच तरलो आज! बहिणीबरोबर लहानपणापासून खेळलेल्या भावाला तिचं अंग वाचायला काय वेळ लागणार? तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. कोळशाचा ढीग, करपलेली भाकरी, बाबासाहेबांची आन, सगळं एकदम अंगावर आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

खेळ संपायला आला होता. दोन्ही संघांचे गुण सारखे होते आणि शेवटची चढाई ललिताची होती. ती कपाळाचा घाम पुसून निघाली. उंच पोरगी साहेबरावकडं बघत तयारीत उभी राहिली. साहेबरावनं हात मांडीखाली दाबून धरले. तरी गुडघा हलायला लागला. मग त्याला दुसरं काही सुचेना. तो उठला आणि मैदानाकडं पाठ करून भिंतीकडं तोंड केलं.

"अवं, बायकू तिकडं हाय तुमची!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. त्याच्या पाठीमागं ललिताचा दम ऐकू येत होता, कबड्डी कबड्डी कबड्डी. मग धुरळ्यात पाय घसटल्याचा आवाज, कुणाचं तरी कोसळणं, आणि टाळ्या. तो वळला तेव्हा ललिता रेघ ओलांडून अलीकडं आली होती आणि समोर तिघी जणी जमिनीवर होत्या. असली चढाई तिनं जन्मात केली नव्हती, असं नंतर बघणारे सांगत होते.

तिची निवड झाली. बायकांनी तिला गराडा घातला. गराड्यातून सुटून ती त्याच्याकडं आली, चपला घेतल्या, पायात घातल्या आणि चालायला लागली. तो मागोमाग निघाला.

"पाठ फिरवलीत तुम्ही," वसाहतीच्या फाटकाशी ती म्हणाली. "मी रेघेवरनं बघितलं. दोनदा मला पकडलं तवा डोळं फाडून बघत हुता, आन् शेवटच्याला पाठ."

"तसं न्हाई ललिता. ऐक तरी." त्यानं सगळं सांगितलं. उंच पोरगी, आपला हात, गुडघा, शिरूर, जालिंदरची नजर. सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते बनवल्यासारखं वाटायला लागलं. "मी बघितलं असतं तर तू पकडली गेली असतीस. तुझ्यासाठी पाठ केली मी. शिरूरला तुझंबी अंग असंच हललं. तुझ्याकडनं नकळत झालं. माझं चुकलं, मी खुळ्यागत वागलो."

ललितानं ते पूर्ण ऐकून घेतलं.

"एवढं नामी कारण मला तवा सुचलं असतं तर मीबी सांगितलं असतं," ती म्हणाली. "माझ्यापाशी नुसतं खरं हुतं."

"मी खरंच सांगतोय."

"सांगत असाल."

"घरी चल. आत्ता रेघ आखतो. तू चढाई कर, माझं अंग कसं हलतंय ते बग. मग पटंल."

"रेघ कुणी बुजवली?"

क्वार्टरच्या दारात येऊन ती थांबली आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं, अंगणात त्याच्या चढाईआधी बघायची तसं. साहेबराव आशेनं उभा राहिला.

"तुमची हूल कंची आन् खरी चाल कंची, हे मला हलायच्या आदी कळायचं," ती म्हणाली. "आता न्हाई कळत हो. बघूनबी न्हाई कळत."

आणि कुलूप काढून ती आत गेली.