होडीवाल्याच्या झोपडीतलं गाणं

मी एक कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. तळहाताएवढी करडी डबी, आत एक हिरवी पट्टी आणि पाठीवर सोलवटलेलं चित्र: नदी, होडी आणि वल्ह्यावर रेलून उभा असलेला एक म्हातारा. माझ्यातल्या खेळाबद्दल मी फारसं सांगणार नाही. सात नद्या ओलांडायच्या, वाटेत राक्षसांशी लढायचं, एवढंच. मला बोलायचंय ते माझ्या पोटातल्या एका गाण्याबद्दल, आणि ते ऐकणाऱ्या दोन माणसांबद्दल.

मला संगीत देणारी बाई खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होती. लढाईचं, राक्षसाचं, जिंकल्याचं, सगळं संगीत तिनं भराभर केलं. होडीवाल्याच्या झोपडीपाशी मात्र ती अडली. पहिल्याच नदीच्या काठी ही झोपडी लागते. तिथं कुणी हल्ला करत नाही, काही जिंकायचं नसतं.

‘‘तिथं कोण थांबतंय?’’ तिचा साहेब म्हणाला. ‘‘येणार, होडीत बसणार, जाणार. दहा सेकंदांचं काहीतरी कर आणि मोकळी हो.’’

‘‘दमलेला माणूस थांबतो की,’’ ती म्हणाली, आणि तिनं चाळीस सेकंदांचं गाणं केलं. शब्द नाहीत. खाली एक संथ सूर, वल्हं मारल्यासारखा येणारा-जाणारा. त्यावर दोन बारीक सूर, एकमेकांशी हळू आवाजात बोलणारे. गाणं संपतं तिथूनच पुन्हा सुरू होतं, आणि सांधा कुठं आहे ते कळत नाही.

दुकानातून मी आले ती एका कवळ्या करणाऱ्याच्या घरी. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि हा माणूस त्यावरून खोटे दात बनवायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं काम चाले. एका भिंतीशी लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, मेणाच्या वड्या, मेण कापायची सुरी आणि दात घासायची मोटर. ती मोटर अशी किंचाळायची की रस्त्यावरचं कुत्रं उठून पलीकडे जाऊन बसे. समोरच्या भिंतीला टीव्ही, त्याखाली खेळाचं यंत्र, आणि यंत्राच्या खाचेत मी.

त्याची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. बारीक, सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिची आई त्याच वर्षी वारली होती. मुंगीचं शाळेत बोलणं बंद झालं होतं आणि घरात बाप मुळातच मितभाषी. तिला रिझवायला म्हणून त्यानं मला आणलं.

मुंगी झोपडीपर्यंत आली आणि थांबली. हातातली खेळायची बटणं खाली ठेवून नुसती ऐकत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढं तर शाळेतून आली की ती मला लावायची, प्रवाशाला झोपडीत नेऊन बसवायची आणि स्वतः जमिनीवर पालथं पडून अभ्यास करायची. गाणं आपलं चालूच. तिच्या बापानं सुरुवातीला कपाळाला हात लावला.

‘‘मुंगे, हा प्रवासी नदी कधी ओलांडणार?’’

‘‘दमलाय तो, बाबा. बसू दे त्याला.’’

आई गेल्यानंतरचं तिचं ते पहिलं लांबलचक वाक्य.  त्या दिवसापासून मोटर बंद असली की बाप मेणाच्या सुरीनं टेबलावर हलकेच ठेका धरायला लागला. तोंडातल्या तोंडात गुणगुणायचाही. कवळी घ्यायला आलेली काही गिऱ्हाईकं तर तिथं बसल्याबसल्या मान डोलवायची, तोंडात एकही दात नसताना. एकमेकांशी फारसं न बोलता येणारी ती दोन माणसं त्या चाळीस सेकंदांच्या आडोशाला वर्षानुवर्षं सुखानं राहिली. मी मोठी झाले असं मला तेव्हा वाटलं. कॅसेट कसली मोठी होते म्हणा.

मुंगी शिकली, दूरच्या शहरात नोकरीला लागली, तिथंच लग्न केलं. रविवारी फोन करायची आणि शेवटी म्हणायची, ‘‘बाबा, गाणं लावा ना.’’ मग बाप मला सुरू करून फोन टीव्हीजवळ धरायचा. दोघंही ऐकत राहायची. गाणं दोनदा झालं की ती म्हणे, ‘‘बास. आता आठवडा निघेल.’’

एका रविवारी तिनं गाणं लावायला सांगितलं आणि बाप म्हणाला, ‘‘बरं, बरं. जेवलीस का? ठेवू मग?’’ आणि त्यानं फोन ठेवला.

मी खाचेत वाट बघत राहिले. मला वाटलं, विसरला असेल.

विसरला नव्हता. वीस-पंचवीस वर्षं त्या मोटरजवळ बसून त्याचे कान गेले होते. एकदम नाही, भिंतीचा रंग उडतो तसे. ‘कवळी लावायला लाज कसली?’ असं हजारो लोकांना समजावणारा हा माणूस स्वतःच्या कानांबद्दल मात्र चकार शब्द काढेना. डॉक्टर चिठ्ठ्या लिहून काम पाठवत, आलेली माणसं समोर उभी राहून बोलत आणि तो त्यांच्या ओठांवर नजर ठेवून उत्तरं देई. आयुष्यभर तोंडंच तर बघितली होती त्यानं. फोनवर ओठ दिसत नाहीत. फोन टेबलावर थरथरला की तो कानाला लावायचा आणि ठरलेले शब्द पेरायचा. हो. बरं. छान, छान. जेवलीस का?

आणि तो फोन आला. दुपार होती. टेबलावर एका म्हातारीचा खालचा जबडा सुकत होता. मुंगी मोठ्यानं रडत होती. पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.

‘‘बाबा... बाळ गेलं. सहावा महिना होता. सकाळी... बाबा, तुम्ही याल का?’’

‘‘छान, छान,’’ तो हसून म्हणाला. ‘‘बरं झालं. जेवलीस का?’’

 पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला. तो मी ऐकला, त्यानं नाही. तो अजून थोडा वेळ ‘‘बरं, बरं’’ म्हणत होता.

ओरडून सांगावं असं मला कितीदा वाटलं! पण सूर माझ्या पोटात असले तरी गळा त्या यंत्राचा होता, आणि यंत्रावर धूळ बसू नये म्हणून पिशवी चढवलेली.

तीन वर्षं ती आली नाही. फोन तुटक यायचे, महिन्यातून एक, अर्ध्या मिनिटाचे. बाप तिचा फोटो पुसताना पुटपुटायचा, ‘‘रमलीय पोरगी संसारात.’’

मग एके दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली. बाप एका कवळीची दाढ घासत होता. नजर वर गेली आणि तो ताडकन उठला.

‘‘अगं! कळवायचं नाही का?’’

‘‘काल फोनवर सांगितलं की. तुम्ही ‘छान’ म्हणालात.’’ ती मान फिरवून बोलली. त्यानं ते ऐकलं नाही. तो चहा टाकायला आत पळाला, चप्पल एका पायात.

ती भांडायलाच आली होती. तोंडावर विचारायचं आणि निघून जायचं, असं ठरवून आलेल्या माणसाचं बसणं वेगळंच असतं. हातांना चाळा म्हणून तिनं यंत्रावरची पिशवी काढली. बटण दाबलं. खेळ लक्षात ठेवणारी माझी बॅटरी कधीच संपली होती, तिचा जुना प्रवास पुसला गेला होता. तिनं नव्यानं सुरुवात केली आणि पाच मिनिटांत झोपडीशी आली. चित्र आलं. आवाज आला नाही. आवाजाच्या वायरीची पांढरी पिन गंजून मोडली होती. तिनं ती हलवून पाहिली. काही नाही.

इतक्यात बाप चहा घेऊन आला. पडद्यावर झोपडी दिसताच त्याचा चेहरा उजळला.

‘‘आहाहा! किती दिवसांनी कानावर पडलं हे!’’

कप ठेवून त्यानं मेणाची सुरी उचलली आणि टेबलावर ठेका धरला. डोळे मिटून गुणगुणायला लागला. एक सूर चुकला नाही. खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता.

मुंगी त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. ‘‘बाबा,’’ ती म्हणाली. मग ओरडली, ‘‘बाबा!’’

ठेका चालूच.

ती समोर आली, गुडघ्यावर बसली. त्यानं डोळे उघडले. ‘‘आवाज मोठा करू?’’ तिनं सावकाश विचारलं.

‘‘नको गं,’’ तो म्हणाला. ‘‘एवढाच बरा आहे.’’

तिनं टेबलावरची एक चिठ्ठी ओढली, पाठीमागं काहीतरी लिहिलं आणि त्याच्यापुढं धरली. तो वाचून खाली बघायला लागला.

‘‘झाली पाच-सहा वर्षं,’’ तो म्हणाला. ‘‘तुला उगाच घोर. तुझा आवाज येतोय एवढं कळायचं, शब्द लागायचे नाहीत. आनंदातच असशील असं धरून चाललो.’’

तिनं दुसरी चिठ्ठी घेतली. या खेपेला बराच वेळ लिहीत होती. त्यानं ती वाचली. पुन्हा वाचली. मग विचारलं, ‘‘आणि मी काय म्हणालो?’’

तिनं लिहिलं नाही. पण ती लपवायलाही शिकली नव्हती. ‘छान, छान,’ एवढेच तिचे ओठ हलले आणि त्याला कळलं. तो उठला, मोरीशी गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला. प्लास्टर लागलेले हात धूत नव्हता, काही नाही.

पुढं तिनं त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कानाचं यंत्र लावून त्याला फक्त खरखर ऐकू येते, शब्द नाहीत. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. तिनं माझ्या आवाजासाठी नवी वायरही आणली. माझा आवाज पूर्वीसारखा येतो, पण बाप आता ठेका धरत नाही. म्हणतो, मनातलं गाणंही नीट लागत नाही हल्ली.

ती महिन्यातून दोनदा येते. मला लावते, दोघं शेजारी बसतात. गेल्या खेपेला त्यानं मध्येच विचारलं, ‘‘मुलगा होता की मुलगी?’’

तिनं लिहिलं.

‘‘नाव ठरवलं होतंस?’’

तिनं त्याखाली आणखी एक शब्द लिहिला. त्यानं तो वाचला आणि मोठ्यानं म्हटला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही, अख्ख्या गल्लीला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हटला. या घरात ते नाव पहिल्यांदाच कुणीतरी घेतलं. मुंगी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली, आणि तो ते नाव पुन्हा पुन्हा घेत राहिला.

ते नाव मी ऐकलंय. तुम्हाला सांगणार नाही, ते त्या दोघांचं आहे.

माझी डबी आता भेगाळलीय. सूर अजून शाबूत आहेत, किती दिवस राहतील ठाऊक नाही. तुमच्या घरचं कुणी फोनवर फार ‘बरं, छान’ म्हणत असेल, तर रागावू नका. गाडी पकडा आणि त्याच्यासमोर जाऊन बसा. मला तोंड असतं तर एवढंच ओरडले असते.