शिवला का

“वहिनी, इथले कावळे हिंदीवाले असतीन काय?” देवीदासनं पंच्याच्या टोकानं कपाळ पुसलं. “मराठीत बोलावून बोलावून माहा घसा बसला. एकही हलून नाही राहिला.”

विमलाबाई महादेव घाटाच्या वरच्या पायरीवर चपला काढून उभ्या होत्या. खाली खारून नदी उन्हाळ्याची, अंग चोरून वाहत होती. काठाच्या वाळूत पानावर भाताचे पिंड मांडलेले, आणि समोरच्या पिंपळावर कावळे बसलेले. लग्नाला आले खरे, पण पंगतीला उठायला तयार नाहीत, अशा रुसक्या पाहुण्यांसारखे.

गेलेला माणूस विमलाबाईंचा नवरा, नरेंद्र. देवीदासचा थोरला भाऊ, घरच्यांचा बंडू. रेल्वेच्या नोकरीपायी नागपूर सोडून रायपूरला आला, गुढियारीत बिऱ्हाड केलं, ख्रिस्ती घरातल्या विमलाशी लग्न केलं आणि पुढे काही वर्षांनी, कोणी न सांगता, स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. दहा दिवसांपूर्वी त्याला चर्चच्या कबरस्तानात ठेवलं. गीतं गाऊन, मूठ मूठ माती टाकून. देवीदास ते सगळं हात बांधून लांबून पाहत होता. संध्याकाळी म्हणाला, “तुमचं तुम्ही केलं, वहिनी. दहाव्याले माहं मी करतो. तुम्ही येऊ नका, पण नाही म्हणू नका.”

त्या नाही म्हणाल्या नव्हत्या. आज मात्र त्यालाच त्यांना बोलवावं लागलं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, आणि माणसाची राहिलेली इच्छा बायकोशिवाय कोणाला ठाऊक? मग अनुश्रीनं, त्यांच्या मुलीनं, तेलीबांध्याच्या ऑफिसातून अर्धी सुटी काढली आणि आईला स्कूटीवर घाटावर आणलं. वाटेत एकदाच म्हणाली, “मम्मी, चर्चवाले सुनेंगे तो?”

“ऐकू देत. दिराला घाटावर एकटं सोडलं हे ऐकलं, तर जास्त लाज आहे.”

देवीदास पुन्हा पिंडांपुढे हात जोडून उभा राहिला. “बंडूभाऊ, वहिनीले मी अंतर देणार नाही. अनुच्या लग्नात काका म्हणून पुढे उभा राहीन. नागपूरच्या घरातली तुही खोली आहे तशीच राहीन. ये ना, भाऊ.”

पिंपळावरच्या एका कावळ्यानं मान वाकडी केली आणि चोच फांदीला घासली.

विमलाबाई बघत राहिल्या. त्यांच्या लेखी कावळा वेगळा होता. अचलपूरला त्यांची आत्या जात्यावर बसली की म्हणायची:

काळ्या कावळ्या रे राजा, बस अंगणाच्या कडं
माझ्या बंधूजीची गाडी, आली वेशीच्या पुढं

कावळा पाहुणा घेऊन यायचा. पाहुण्याला पोचवूनही देतो, हे त्यांना सासर कळल्यावर कळलं.

“बसा, भाऊजी. थोडं पाणी प्या.”

देवीदास पायरीवर टेकला. इतक्या वर्षांत भावाच्या धर्माबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नव्हतं. घाटावर मात्र करायला दुसरं काही नव्हतं.

“एक विचारू? राग नका मानू. तुमच्यात देव तीन असतात म्हणे?”

विमलाबाईंना हसू आलं. गुढियारीत बालवाडी चालवताना ह्या प्रश्नानं त्यांचा किती वेळा पदर धरला होता! पोरांना घ्यायला आलेल्या आया दारातच विचारत. दीदी, तुमचे देव तीन का? दीदी, कुंकू का नाही? दीदी, पावडरीचं दूध मिळालं म्हणून झालात का ख्रिस्ती? त्या कोणाला हाकलत नसत.

“एकच. तुम्ही नाही का, आईंचे लेक, माझे दीर, अनुचे काका? माणूस एकच ना?” उत्तर थिटं आहे हे त्यांना माहीत होतं. पण दारात उभ्या माणसाला सावलीपुरतं छप्पर चालतं.

“अन् पाप केलं, माफी मागितली, झालं मोकळं? हे बरं आहे बा!”

“फुकट मिळते खरी. पण फुकटचं घ्यायला मान खाली घालावी लागते, भाऊजी. बहुतेकांचं तिथंच अडतं.”

देवीदास आवाज उतरवून म्हणाला, “मग बंडूनं तर तुमच्या देवाले सगळं देऊन टाकलं. घर सोडलं, माय सोडली. तरी त्याले असं तडफडवून काहून नेलं?”

ह्यालाही एक उत्तर होतं. दुःखानं माणूस तावून निघतो वगैरे. चर्चच्या महिला मंडळात विमलाबाईंनीच ते दुसऱ्यांना दिलं होतं.

“माहीत नाही, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मी रोज विचारते.”

ऊन माथ्यावर आलं. पुजारी महाराज छत्तीसगढचेच, दोनदा घड्याळ बघून झालेले. त्यांनी शेवटी दर्भाच्या काड्या वळल्या, गाठ मारून चोच काढली. “भैया, कब तक बैठेंगे? ये भी चलता है. शास्त्र में है.” दर्भाचा कावळा पिंडाला लावला, मंत्र म्हटला, दक्षिणा घेऊन ते उठलेसुद्धा. देवीदासनं नदीत बुडी मारली आणि ओल्या धोतरानंच वर आला.

“अनु, तुहा मोबाइल दे. मायले सांगा लागते. सकाळपासून दाराशी बसून आहे ती.”

माय म्हणजे अंजनाबाई. नागपूरच्या घरात, नव्वदीच्या घरातल्या. देवीदास फोनमध्ये ओरडूनच बोलला. “माय! शिवला! हव, लगेच शिवला! काही राहिलं नव्हतं त्याचं!” मग तो ऐकत राहिला. त्यानं फोनवर तळहात ठेवला आणि विमलाबाईंकडे वळला.

“तुमच्याकडे दे म्हणते.”

“माझ्याकडे?”

“म्हणते, तिले विचारते. ती कडू बोलते, पण खोटं नाही बोलत.”

विमलाबाईंना आठवलं. लग्नानंतर त्या एकदाच सासरच्या ओसरीवर उभ्या राहिल्या होत्या. अंजनाबाईंनी विचारलं, बंडू एकादशी धरते ना अजून? मागून सगळे खुणावत होते, हो म्हण, हो म्हण. विमलानं सांगितलं, नाही धरत, आई. त्या दिवसापासून सासूनं तोंड फिरवलं ते फिरवलंच.

“वहिनी, पाया पडतो तुमच्या,” देवीदास म्हणाला. त्याच्या कोपरांवरून अजून पाणी गळत होतं. “म्हातारीचे किती दिवस राहिले? सुखानं जाऊ द्या तिले. एक हव म्हणा फक्त.”

“बोल दो ना, मम्मी,” अनुश्री कुजबुजली. “दादी को क्या पता चलेगा?”

विमलाबाईंनी फोन कानाला लावला.

“आई, मी विमल.”

पलीकडे पंख्याची घरघर. कुठेतरी कुकरची शिट्टी. मग तो आवाज, पार झिजलेला, पण हुकमी.

“शिवला काय?”

‘हो’ म्हणायला किती थोडा श्वास लागतो! पिंपळावरचे कावळे अजून तिथंच होते. देवीदासनं डोळे मिटून घेतले होते.

“नाही शिवला, आई. दर्भाचा करून लावला.”

देवीदासनं पंच्यात तोंड खुपसलं. अनुश्रीनं आईचा दंड धरला, “मम्मी, ये क्या...”

विमलाबाईंना वाटलं, फोन कटला. मग अंजनाबाई बोलल्या.

“देव्या लहानपणापासूनच लबाड.” जरा थांबून, “काहून शिवीन तो? बंडू दोनदा मले बोलवाले आला होता. माय, एकदा माह्या घरी चाल, नुसतं पाणी पिऊन वापस ये. फाटकातूनच वापस धाडला मी त्याले.”

ही गोष्ट विमलाबाईंना माहीत होती. घाटावर आल्यापासून मनात होती; पण ती आपण कोणत्या तोंडानं सांगायची?

“तुमच्यात गेलेल्या माणसाले काही पोचवता येते काय वं?”

“नाही, आई. आम्ही काही पोचवत नाही.”

“मग करता काय तुम्ही लोक?”

“त्याची आठवण काढून सगळे एकत्र बसतो,” त्या म्हणाल्या. “खातो, पितो. एवढंच.”

“तिथवर यायले गाडीत बसवत नाही मले आता.”

“हो, आई.”

“थांब.”

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. काठी फरशीवर टेकत गेली, हळू, थांबत थांबत. माठावरची ताटली सरकली. पाण्यात पेला बुडला. काठी पुन्हा जवळ आली, आणि अंजनाबाई फोन तोंडाजवळ नेऊन, कोणाला तरी बजावल्यासारखं म्हणाल्या, “हे बंडूच्या घरचं म्हणून घेऊन राहिली. आयकतेस ना?”

“ऐकते, आई.”

देवीदासनं मान वर केली. डोळे लाल झाले होते. “काय झालं? रडून राहिली काय? काय म्हणते माय?”

विमलाबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. फोन कानाला घट्ट दाबून त्या उभ्या राहिल्या.

“थांबा, भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या. “पाणी पिऊन राहिल्या.”