पानाबाहेर गेलेले पाय

काकांचा धंदा शिड्यांचा. गिऱ्हाईक आलं की कुठल्यातरी शिडीच्या दोन पायऱ्या चढूनच बोलायचे, त्यामुळे दुकानात त्यांची उंची कोणाला कळायची नाही. घोडं अडायचं ते फोटोत. तिथे काका काकूच्या खांद्याशी येऊन थांबायचे. आणि यंदा लग्नाच्या वाढदिवसाला काकूचे सगळे भाऊ येणार होते. ते काकांना प्रेमाने 'अर्धी शिडी' म्हणत. प्रेम कसलं डोंबलाचं!

म्हणून सकाळी सकाळी स्वारी पुतणीच्या बॅनरच्या दुकानात येऊन बसली. पुतणीने दोघांचे फोटो कापून कॉम्प्युटरवर बॅनरच्या पानावर शेजारी शेजारी उभे केले होते.

"हे बघ, आमची डोकी एका रेषेत आण," काका म्हणाले. "त्या लोकांची तोंडं एकदा बंद होऊ देत."

"हात्तिच्या, एवढंच ना?" पुतणीने दोघांना निवडून वरच्या कडा जुळवायचं बटण दाबलं. डोकी जुळली, पण काका जमिनीपासून वर तरंगायला लागले.

"अगं, जिवंत आहे मी अजून!" काका ओरडले. "मेव्हणे बॅनर बघून रडतच आत येतील."

मग तिने खालच्या कडा जुळवल्या. पाय जुळले, काका परत खांद्याशी.

"हे मला आरशात फुकट दिसतं. तू असं कर, मला ओढ."

तिने ओढलं. काकांची पार काकडी झाली, नाक हनुवटीपर्यंत आलं. "शी! पुसून टाक," काका म्हणाले.

पुतणीही आता इरेला पेटली. तिने पुन्हा डोकी जुळवली आणि काकांचे बूट पानाच्या तळाला टेकेपर्यंत दोघांना खाली सरकवलं. काका जमिनीवर आले, डोकी एका रेषेत राहिली, फक्त काकूचे पाय गुडघ्यापासून पानाबाहेर गेले.

"झकास!" काकांनी मांडीवर थाप मारली. "छाप लगेच."

"अहो, आणि माझे पाय?"

काकांनी घरी विसरलेला डबा घेऊन काकू दारात उभी होती. काकांची बोबडी वळली. "ते... पानात मावेनात," ते म्हणाले, आणि मग धीर सुटून सगळं सांगून मोकळे झाले. भाऊ, अर्धी शिडी, सगळं.

काकू आधी खो खो हसली. मग म्हणाली, "पाय कशाला कापताय? गुडघे तर मी आधीच वाकवलेत."

"म्हणजे?"

"लग्नाच्या फोटोपासून. तुमच्या शेजारी उभी राहिले की दर वेळी, साडीत कळत नाही. खांद्याशी तरी दिसावेत म्हटलं तुम्ही."

पुतणीने जीभ चावली. काका खुर्चीवरून उठले. "सरळ उभी राहा बघू."

काकू सरळ झाली. काका तिच्या कोपराच्या जरासे वर आले. मान वर करून ते तिच्याकडे बघतच राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की पुतणीला वाटलं, आता हे भडकणार.

"गुडघे दुखत असतील ना गं तुझे?" ते म्हणाले.

"दुखतात की," काकू म्हणाली.

काका पुतणीकडे वळले. "हा फोटो टाकून दे. नवीन काढ. ही सरळ उभी राहील."

"आणि तुम्ही, काका?"

"मी जिथे पोचतो तिथे. तू ते पान उंच कर आधी."