पाठीमागचा कागद

विल्फ्रिदो तोआपांताला आपल्या गावाची किळस होती आणि ती लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही. त्या गावात, लोमा ग्रांदेत, तो भाड्याच्या जीपमधून आला. सोबत पाच फ्लॅश, तेवढेच स्टँड आणि कागदाची एक लांबलचक गुंडाळी. उतरल्याबरोबर त्याने बुटाला लागलेल्या चिखलाकडे पाहून तोंड वाकडं केलं. याच चिखलात रांगत मोठा झालेला हा माणूस, पण राजधानीत, कितोला जाऊन फोटोग्राफीचा मास्तर झाला आणि त्याला चिखल नवीन वाटायला लागला.

बहिणीने, तार्सिलाने, बोलावलं म्हणून तो आला होता. घराखालच्या घळीत खडीची खाण निघणार होती. घळीतल्या झऱ्यावर अख्खं गाव पाणी पितं, तो झराही त्यात जाणार होता. वाचवू शकत होतं फक्त एक पाखरू. मुठीत मावेल एवढा क्विंदे, ज्याला बाहेरचं जग हमिंगबर्ड म्हणतं. या जातीच्या पायांत पांढऱ्या पिसांची फुगीर विजार असते म्हणून गावात त्याला सामारितो म्हणतात. सामारितो दुर्मिळ. तो या घळीत राहतो हे महिनाअखेरपर्यंत सिद्ध करा, मग खाणीला परवानगी नाही, असं पर्यावरण खात्याच्या बाईने कबूल केलं होतं. खात्याचा एक माणूस येऊनही गेला होता. धुक्यात बसून बसून त्याला सर्दी झाली, पाखरू काही दिसलं नाही.

"आलास न्यान्यो!" तार्सिला धावत आली. भावाला ती लहानपणापासून न्यान्योच म्हणायची. "मक्याचे मोते उकडलेत, चीज ताजं आहे. आधी खाऊन घे."

"आधी ती दोरी काढ. मागे तुझे परकर लोंबतायत."

"मागे तर तू कागद लावणार ना? मग परकरांनी तुझं काय घोडं मारलंय?"

अडाण्यांशी वाद घालायचा नाही, हा विल्फ्रिदोचा नियम होता, आणि त्याच्या मते अडाणी नसलेला माणूस गावात एकही नव्हता.

अंगणात पाखरांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटल्या त्याने एकूण एक उतरवल्या. एकच लाल फूल चिमट्यात अडकवलं, त्यात सिरिंजने पाक भरला. फुलाभोवती फ्लॅश लावले, त्यांवर पावसासाठी प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. मागे तो कागद ताणला. त्यावर जंगल छापलेलं होतं, धूसर, हिरवं, गुळगुळीत. असलं जंगल जगात कुठे नसतं. 'निसर्गाची पार्श्वभूमी म्हणजे कचरा' हे वाक्य तो कार्यशाळांमधून इतक्यांदा म्हणत असे की त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

पाणीसमितीचा म्हातारा सेगुंदो कुंपणावर रेलून बघत होता. "काय रे विल्फ्रिदो, पाखराचं लग्न आहे का? एवढी रोषणाई केलीस ती!"

"पंख थांबवायला लागते रोषणाई. तुम्हाला नाही कळायचं."

"थांबवायचे कशाला? उडतंय ते बरं नाही का?"

विल्फ्रिदोने नाक मुरडत कॅमेऱ्यात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामारितो आला. फुलापुढे हवेत उभा राहिला, पांढरी विजार झळकली, आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याने कागद खेचून खाली पाडला. पाचही फ्लॅश चमकले. तार्सिला त्याच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यात वाकून बघायला लागली. पाखरू होतं. मागे उन्हात घळ होती, परकर होते आणि निळ्या अक्षरांत गावाचं नाव रंगवलेली पाण्याची टाकी होती. उन्हापुढे फ्लॅश फिके पडले होते आणि हलत्या पंखांना भुरकट शेपूट फुटली होती.

"अय्या, छान आलाय रे! आपली टाकीसुद्धा आली, नावासकट."

"टाकी! पाखरू दाखवायचंय की तुमची नळयोजना? पंख बघ, फिसकटलेत. हा माझा फोटो आहे असं कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही." आणि त्याने तो तिच्यादेखत पुसून टाकला.

मग ऊन गेलं, कागद पुन्हा ताणला गेला, आणि दुपारपर्यंत त्याला हवा तो फोटो मिळाला. पिसन् पीस मोजून घ्यावं असा. पंख असे थांबलेले की पाखरू पेंढा भरून टांगल्यासारखं दिसत होतं. विल्फ्रिदो खूश झाला. तो कितोला परतला, कॅमेऱ्यातलं तेच कार्ड एका कार्यशाळेच्या फोटोंनी भरून टाकलं, आणि आठवड्याने तार्सिलाला बोलावून तिच्यासोबत मिजाशीत खात्यात गेला.

खात्याच्या त्या बाईने, इंजिनिएरा नार्सिसाने, फोटो हातात घेतला. ती पाखराकडे नाही, मागच्या हिरव्या जंगलाकडे बघत होती.

"मास्तर, मला ओळखलं नाहीत तुम्ही. दोन वर्षांपूर्वी तुमच्या कार्यशाळेला होते मी." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे फ्रेममध्ये वेगळाच क्विंदे होता, खाली समुद्राकडच्या कुठल्याशा बागेतला. मागे तेच धूसर हिरवं जंगल, आणि डाव्या कोपऱ्यात कागदाला पडलेली तीच घडी.

विल्फ्रिदोच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाखरू सामारितोच आहे, प्रश्नच नाही," ती म्हणाली. "पण पलीकडच्या ज्वालामुखीवरही सामारितो आहेत. खाणकंपनीचा वकील म्हणेल, फोटो तिकडे काढून आणला. मी काय दाखवू? कॅमेऱ्यात जागेची नोंद असेल ना?"

"ती सोय नसलेलाच कॅमेरा घेतलाय मी. लोक माझ्या जागा चोरतात."

"मग दुसरा एखादा फोटो? वाकडातिकडा चालेल. मागे काहीतरी खरं दिसू दे, बस."

तार्सिला भावाकडे बघत राहिली. तिने त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायची संधी दिली. तो टेबलाची कड नखाने खरवडत बसला.

"होता, इंजिनिएरा," शेवटी तीच म्हणाली. "माझ्या परकरांसकट होता. यांना लाज वाटली."

महिनाअखेरीला चारच दिवस होते. या खेपेला विल्फ्रिदो बसने आला, कागद न घेता. कुणी न सांगता त्याने दोरी बांधली आणि परकर स्वतःच्या हाताने वाळत घातले. सेगुंदोने कुंपणावरून विचारलं, "आज लग्न साधंच उरकणार का?" विल्फ्रिदोने परकराला आणखी एक चिमटा लावला. तो फुलासमोर बसून राहिला. दोन दिवस पाऊस, तिसऱ्या दिवशी वारा. पाखराचा पत्ता नव्हता. ज्याला तो कचरा म्हणायचा, त्या घळीकडे तो डोळे फुटेस्तोवर बघत होता. झरा ऐकू येत होता. लहानपणी याच झऱ्यावर तो आईबरोबर घागर घेऊन जायचा, हे त्याला आठवलं आणि रडू आलं. रडताना कुणी बघत नाही ना, हे मात्र त्याने आधी पाहून घेतलं. सवय जात नाही.

शेवटच्या सकाळी, कितोची बस सुटायच्या तासभर आधी, धुकं घळीतून वर चढलं. आधी टाकी गेली, मग दोरी गेली, परकर गेले. समोर फक्त फूल उरलं.

आणि सामारितो आला.

विल्फ्रिदोने बटण दाबलं, दाबतच राहिला. पाखरू पाक प्यालं, वळलं, पुन्हा प्यालं आणि धुक्यात नाहीसं झालं. त्याने पडदा उजळला. पंख स्थिर, विजार शुभ्र. मागे एक पान नाही, एक दगड नाही, सगळं मऊ, गुळगुळीत, रिकामं. इतकी स्वच्छ पार्श्वभूमी त्याला जन्मात कधी मिळाली नव्हती.

तार्सिला चहा घेऊन आली. तिने वाकून पाहिलं.

"सुंदर आलाय, न्यान्यो," ती म्हणाली. "अगदी तुझ्या कागदासारखा."

मग ती चाचपडत दोरीपर्यंत गेली आणि ओले परकर एकेक करून काढायला लागली.