गोठ्यातली केशर

सुप्याच्या दवाखान्यात येण्याआधी डॉक्टर दत्तात्रय वेड्यांच्या इस्पितळात होते. तिथं एका रुग्णानं हातातल्या साखळीनं त्यांचा गळा आवळला होता. रखवालदार धावले म्हणून ते वाचले. बदली मागताना त्यांनी हवा मानवत नाही एवढंच सांगितलं. आता तिथल्या गोऱ्या साहेबानं त्यांना दुय्यम अधिकारी म्हणून परत बोलावलं होतं. मान मोठा होता, पण इस्पितळाचं नाव निघालं की त्यांना घाम फुटायचा.

अशात रानातल्या दिग्गी गावाहून येसाजी आला.

"बायकोला गोठ्यात बांधलंय, डाक्टर. बाळंत झाल्यापासनं डोस्कं फिरलंय. अवसेला भगत तापल्या सळईनं डाग देणार हाय. तुमी चला."

ते गेले. गाडीवाट संपल्यावर रानातून चालताना प्रत्येक वळणावर त्यांना वाटत होतं, अजून माघारी फिरता येईल.

गोठ्यात अंधार होता. साखळी खळखळली आणि डॉक्टर उंबऱ्यावरच थिजले.

"जवळ येऊ नका," आतून केशर म्हणाली. "माझे हात माझं ऐकत न्हाईत."

"कुणाला मारलंस?"

"न्हाई. पण पोराला बघितलं की मनात येतंय, दाबावी मान. रोज येतंय. म्हणून मीच ह्यांना म्हटलं, बांधा मला."

येसाजी मान खाली घालून उभा होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

डॉक्टर आत गेले. ते शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिच्यासमोर बसले. "केशर, मला पण भ्या वाटतंय," ते म्हणाले. "पण मारायचं असतं, तर बांधून कशाला घेतलं असतंस?"

ती हमसून हमसून रडायला लागली.

त्यांनी साखळी सोडायला लावली. येसाजीची आई रुक्मा नातवाला घेऊन दारात आली. केशरनं झडप घालून डॉक्टरांची मनगटं पकडली. त्यांच्या तोंडून किंकाळी फुटणार होती.

"धरा," ती म्हणाली. "मी पोराला बघते तवर घट्ट धरा मला."

त्यांनी धरलं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून नवरा-बायको, रुक्मा आणि पोर सुप्याला दवाखान्यामागच्या खोलीत राहिली. डॉक्टरांनी केशरला झोपेचं औषध दिलं, पोटभर खायला घातलं. पोर रोज तिच्यासमोर आणलं जाई, पण रुक्माच्या हातात. लोक कुजबुजायचे, काहींनी दवाखान्यात येणं सोडलं. काही घडलं तर गाव आपल्याला जिवंत ठेवणार नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. भातकापणीच्या सुमाराला केशरनं पोर स्वतःहून मागून घेतलं, आणि ती मंडळी दिग्गीला परतली.

मग दत्तात्रयांनी इस्पितळाची जागा स्वीकारली. पुढं वरिष्ठ होताच त्यांनी डोकं फिरलेल्या बाळंतिणींसाठी वेगळी खोली काढली आणि मुलांना आयांजवळ ठेवायचं ठरवलं. हाताखालचे डॉक्टर वासू म्हणाले, "साहेब, एखादं मूल दगावलं तर?"

"तर दोष माझा. तसं मी वर कळवलंय."

पहिल्या बाईजवळ मूल दिलं, त्या दिवशी एक दाई आत बसवून ते वासूंसह दाराबाहेरच उभे राहिले. आत मूल रडत होतं. रडणं वाढलं आणि एकाएकी थांबलं.

डॉक्टरांनी दार ढकललं. बाहेरची कडी हाताला सापडेना. वासूंनी कडी काढली.

बाई भिंतीला टेकून बसली होती. मूल पदराखाली दूध पीत होतं. दाईनं ओठांवर बोट ठेवून त्यांना बाहेर जायची खूण केली.