पिईल त्याने भरून जावे

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोण आहे. शेलूबाजारपासून दोन कोसांवर जे राखीव जंगल आहे, त्याच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी मी पडून आहे. पडून आहे असेच म्हणते. जिच्यात पाणी नसते ती डोण म्हणजे नुसता पोकरलेला दगड.

गेल्या वैशाखातला एक दिवस मला आधी सांगायचा आहे. त्या दिवशी विशेष काही घडले नाही. उन्हे कलल्यावर हेमसिंग खांद्यावर कावड घेऊन आला. हा पंचवीस वर्षे या जंगलाचा शिपाई होता. नोकरी संपून वर्ष झाले होते, तरी खाकी कोट सुटला नव्हता. बरोबर त्याची मुलगी सोनी होती. ती मंगरूळपीरच्या मुलींच्या शाळेत शिकवते आणि सुट्टीला तांड्यावर आली होती.

"बापू, एक डबा मले द्या ना."

"तू मास्तरीन हायस. पोरीयच्या डोक्यात भर. डोनीत भराले मी हाय ना."

कावडीला रॉकेलचे दोन रिकामे डबे होते. कावड धरल्याच्या पहिल्या दिवशी त्यांतल्या पाण्याला वास येत होता. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, नाक लावले आणि फुरफुरून मागे सरले. मग हेमसिंगने ते डबे राखेने आणि रिठ्याने आठ दिवस घासले होते. आता त्याने माझ्यातली वाळली पाने हाताने काढली, दोन्ही डबे ओतले आणि माझ्या काठावर टेकून रोजचेच वाक्य म्हटले.

"ते पत्र लिहिनारा एकदा भेटाले पायजे."

सोनी गवताची काडी मोडत होती. "जानरावकाका तं नाही म्हनतात."

"म्हनते खरं. खोटं बोलत असन. नसनही."

"भेटला तं काय कराल?"

"काय करतो? त्याले एक खेप आनाले लावीन. तांड्याच्या विहिरीपासून इथवर. बस."

"बापू..."

"काय वं?"

"काही नाही. चला, दिवस बुडाला."

ती दोघे गेली. दुसऱ्या दिवशी हेमसिंग निघाला, पण माझ्यापर्यंत पोचला नाही. अर्ध्या वाटेवर, मोहाच्या झाडाखाली, तो उन्हाने कोसळला, तो पुन्हा उठला नाही. दोन्ही डबे तिथेच उपडे झाले.

आता पहिल्यापासून सांगते.

मला वडारांनी एकाच काळ्या दगडातून कोरून काढले. कोरून घेणारा हेमला नाईक, हेमसिंगचा पणजा. तो बैलांचा तांडा घेऊन फिरे. गोण्यांत मीठ आणि धान्य, मागे कुत्री आणि पोरेबाळे. या टेकडीच्या पायथ्याला बारमाही झरा होता. त्याच्या तोंडाशी मला बसवले आणि हेमलाने नियम घालून दिला: पिईल त्याने भरून जावे. शेवटचा बैल पाणी प्यायला की त्याच्या राखणदाराने माझ्यातला पाला काढायचा, झऱ्याची पन्हळ मोकळी करायची आणि मी काठोकाठ भरल्याशिवाय तिथून हलायचे नाही. दुसरा नियम असा की दिवस बुडाला की पाणी रानाचे. मग माणसाने तिथे थांबू नये. नियम कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून त्यांतून पळवाट काढायला वकिलाला जागा नव्हती. म्हणूनच कोणी मोडले नाहीत.

मग आगगाडी आली आणि मीठ तिच्यातून जाऊ लागले. तांडे फिरायचे थांबले. हेमलाची माणसे इथेच झोपड्या बांधून राहिली, जमिनी कसू लागली, काही जण हंगामाला कामासाठी लांब जाऊ लागले. माझे काम मात्र तेच राहिले. सकाळी गुरे, दुपारी मोर, संध्याकाळी चितळे आणि रोही. उन्हाळ्यात एक अस्वल येई. ते पाणी कमी पिई आणि माझ्यात बसून जास्त सांडे.

पुढे सरकारला या जंगलाचे प्रेम आले. पाटी लागली. आत जाऊ नये, गवत कापू नये, लाकूड तोडू नये. हेमसिंगला शिपाई नेमले आणि त्याने पहिली जप्ती केली ती भुरीबाईच्या विळ्याची. भुरीबाई त्याच्याच तांड्यातली, नात्याने काकू. एक भारा गवत कापताना सापडली. वर्षानुवर्षे ती त्याच्याशी बोलली नाही. हेमसिंगला वाईट वाटले, पण त्याने विळा परत दिला नाही. कायदा सगळ्यांना सारखा आहे, असे त्याला साहेबांनी सांगितले होते आणि ते त्याला खरे वाटले होते. मित्रांनो, साध्या माणसाची टर उडवायची माझी इच्छा नाही. त्याला हे सांगून स्वतः न पाळणाऱ्यांबद्दल मी बोलते आहे.

१९५५ च्या उन्हाळ्यात सोनी सोळा वर्षांची होती. तांड्यातली शाळेत गेलेली ती पहिली मुलगी. वाशीमला राहून शिके आणि हाताला लागेल ते वाची. सुट्टीत ती माझ्या काठावर बसून वाचत होती. झऱ्याच्या कडेला, जिथे पाणी साचून लालसर गाळ धरते, तिथे तिला पाण्यावर सात रंगांची पातळ साय दिसली. तिच्या पुस्तकात लिहिले होते की जमिनीखाली तेल असले की पाण्यावर असे रंग दिसतात. तिने वहीचे पान फाडले आणि माझ्याच काठावर ठेवून मोठ्या शहरातल्या एका कचेरीला पत्र लिहिले. आमच्या जंगलात तेल आहे, देशाच्या कामी यावे. अक्षर सुंदर होते. खाली नाव घालायला ती लाजली. कोणाला सांगितले नाही, कारण उत्तर आले की बापूला चकित करायचे होते.

उत्तर आले नाही. दीड वर्षाने जीप आली.

जीपमधून एक साहेब उतरला आणि त्याच्याबरोबर जानराव. जानराव म्हणजे खालच्या गावचा मोठा शेतकरी, हेमसिंगचा तीस वर्षांचा दोस्त. दोघांची चिलीम एक होती. साहेबाच्या हातात ते पत्र होते.

"इथल्याच कोणीतरी लिहिले आहे. झऱ्याच्या पाण्यावर रंग दिसतात म्हणे. कुठे आहे ते तेल?"

हेमसिंगने बोट दाखवले. वाळल्या काटक्यांची मोळी टेकवून भुरीबाई पाणी प्यायला थांबली होती, ती हसायला लागली.

"हे? सायेब, काडी लावा त्याले. फुटलं तं गंज, जुळलं तं तेल."

तिने स्वतःच गवताची काडी घेऊन सायीला टोचले. साय काचेसारखी तडकली, तुकडे तुकडे होऊन तरंगत राहिली आणि परत जुळली नाही.

"पाहा! रॉकेल सांडलं असतं तं लगेच एक झालं असतं. हा पान्याचा गंज हाय. आमी लेकरं होतो तवापासून पाहून राह्यलो."

साहेब म्हणाला, "बाई, याला प्रयोगशाळा लागते."

काडी त्याच्या पायाशी पडली होती. वाकून उचलायची एवढेच काम होते. त्याने बाटली भरून घेतली. दोन महिन्यांनी प्रयोगशाळेने कळवले की निश्चित काही सांगता येत नाही, तरी खोदून पाहावे. सोळा वर्षांच्या मुलीने एक पुस्तक वाचून चूक केली, हे मला समजते. ज्यांनी पुस्तकांची कपाटे वाचली त्यांना एक काडी का उचलता आली नाही, हे मला दगडाला समजत नाही.

यंत्र यायच्या आधी हेमसिंग साहेबाला पुन्हा भेटला. तेही माझ्यासमोरच.

"सायेब, हे राखीव रान हाय. एका भाऱ्यासाठी मी त्या काडीवाल्या बुढीचा विळा जप्त केला."

"ते गवत तिच्या फायद्यासाठी होते, हे देशाच्या. आणि एकच तर भोक पाडायचे आहे."

"यंत्र काय उडत येईन? सडक लागन. सडक झाली की लाकूडवाले येतीन. भोक तुमी बुजवान, सडक कोन बुजवन?"

जानराव मध्येच म्हणाला, "अबे हेमसिंग, सडक वाईट असते काय? मोटार येईन. गाव सुधरन."

"गावाले सडक द्या ना, कोन नाही म्हनते? गावातून न्या. रानातून कायले?"

साहेबाने समजूत घातली. "जनावरे काय, दुसरीकडे जातील."

"कुठं? नाव सांगा गावाचं. इथून वाशीमपर्यंत वावरंच हायेत. वावरात गेली की लोक गोटे मारतीन. आनि सायेब, मडक्यात काय हाय पाहाले कोनी बुडाले भोक पाडते काय?"

साहेब हसला. बोलणे चांगले आहे तुमचे, म्हणाला. गावातल्या माणसाच्या तोंडी खरी गोष्ट आली की शिकलेली माणसे तिला चांगले बोलणे म्हणतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, रॉकेलचा मला राग नाही. तांड्यावर त्याचेच दिवे जळतात, आणि सोनी त्याच उजेडात शिकली. देशाला तेल लागते हे मलाही कळते. पण जे एकदा काढून जाळायचे, त्यासाठी जे रोज नव्याने येते ते फोडायचे, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात? राखून ठेवलेले रान म्हणजे बाकीचे संपेपर्यंत शिल्लक ठेवलेले रान, असा त्या पाटीचा अर्थ असेल तर तो पाटीवरच लिहायला हवा होता. निदान भुरीबाईचा विळा तरी वाचला असता.

१९५७ च्या फाल्गुनात माझ्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर, यंत्र उभे राहिले. त्याच्या वाटेसाठी साग, धावडा, सालई, सारे आडवे झाले. मोजायचे काम हेमसिंगकडेच दिले होते. त्याने झाडे मोजली, सही केली आणि घरी जाऊन भुरीबाईचा विळा तिच्या दारात ठेवून आला.

तेव्हा ती त्याच्याशी बोलली. "आता कायले? आता गवत कुठं हाय?"

जमिनीच्या पोटात काय आहे ते मी साहेबाला फुकट सांगितले असते. आमच्याकडे काळ्या खडकाखाली लाल मातीचा एक थर असतो. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून उतरते, त्या थरावर अडते आणि वाट काढत पायथ्याशी येते. हाच माझा झरा. यंत्राने अकराव्या दिवशी तो थर फोडला. त्या दुपारी माझ्या पन्हळीतून तांबडे पाणी आले, मग गढूळ, मग एक बारीक धार. दुसऱ्या दिवशी सकाळी धार थांबली. वर अडून राहणारे पाणी त्या भोकातून खोल गेले. कुठे गेले ते साहेबालाही ठाऊक नाही. त्याच्या कागदावर फक्त दोन शब्द आले: तेल नाही. पाण्याबद्दल विचारलेच नव्हते, म्हणून ते लिहिलेही नाही.

ते लोक गेले. मागे एक लोखंडी नळी, चिकट काळी डबकी, फुटके पिंप आणि सडक राहिली. त्या काळ्या डबक्यांना पुढे भुरीबाईने काडी लावून पाहिली. या वेळी साय फुटून लगेच जुळली. या रानात पहिल्यांदा तेल दिसले ते असे, त्यांनीच सांडलेले.

सडकेने लाकूडवाले आले, हेमसिंग म्हणाला होता तसेच. संध्याकाळी रोही येऊन माझा तळ चाटत. अस्वल एकदा येऊन माझ्यात बसले, थोडा वेळ तसेच राहिले आणि उठून गेले. पुन्हा आले नाही.

हेमसिंगने शेवटच्या चिलमीच्या वेळी जानरावला विचारले, "पत्र तू लिहिलं?" जानरावने मंगरूळपीरच्या दर्ग्याची आण घेतली. हेमसिंगने ती मानली नाही आणि त्याच्या घरी पुन्हा पाय ठेवला नाही. सोनी त्या वेळी तिथेच चहा गाळत होती. तिने दोघांपुढे कप ठेवले आणि ती आत गेली. पुढच्या दोन वर्षांत खरे सांगायच्या अशा पुष्कळ वेळा आल्या. प्रत्येक वेळी तिला वाटे, आता उशीर झाला, आता सांगून काय होणार. मोठ्या कचेऱ्याही असाच विचार करतात. झालेल्या चुकीपेक्षा ती कबूल करायला झालेला उशीर मोठा दिसतो, म्हणून आणखी उशीर करतात.

झरा आटल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून हेमसिंगने कावड धरली. दोन डब्यांनी माझा तळ जेमतेम झाकला जाई. लोक हसले. तो म्हणे, "माह्या पनज्यानं सांगतलं हाय, पिईल त्यानं भरून जावं. पेलो आमी. भरन कोन?"

मित्रांनो, माझी एवढीच मागणी आहे. उद्या कोणी दुसऱ्या एखाद्या राखलेल्या रानात यंत्र घेऊन येईल आणि एकच तर भोक, असे म्हणेल, तेव्हा त्याला माझ्याकडे आणा. मी फार बोलणार नाही. हात घालून पाहा, म्हणेन.

हेमसिंग गेल्याला पंधरा दिवस झाले, तेव्हा सोनी एकटी आली. खांद्यावर तीच कावड होती. तिला सवय नव्हती. वाटेत तीनदा टेकली, अर्धे पाणी सांडले होते आणि खांद्यावर रक्त आले होते. बरोबर जानराव होता. तिनेच त्याला बोलावले होते. त्याने डब्याला हात लावला, तर ती म्हणाली, "नाही काका. हे मलेच आनाचं होतं."

तिने माझ्यातली पाने काढली. दोन्ही डबे ओतले. जानराव न समजून पाहत उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले, मग मोहाच्या झाडाकडच्या वाटेकडे तोंड केले, आणि वर्गात बोलतात तेवढ्या मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली:

"बापू, काकानं नाही लिहिलं. ते पत्र मी लिहिलं होतं. ही माही खेप."